ओठांची रांग

देसूरकर सरांना गाडीच्या हॉर्नचा सूर ओळखता यायचा. निपाणीतल्या आमच्या शाळेमागच्या रस्त्यानं कोल्हापूरच्या गाड्या जातात. वर्गात पेटी वाजवता वाजवता बाहेर हॉर्न झाला की सर भात्यावरचा हात थांबवायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "कोमल धैवत. जरासा उतरलाय." पोरं खूश होऊन हसायची. मग सर त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "हसू नका. त्या डबड्याला सूर आहे. तुम्हाला नाही."

हे वाक्य मी पाचवीत ऐकलं आणि पुढं त्याच शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागल्यावर दर जूनमध्ये भिंतीपलीकडून ऐकत राहिले. त्यातला एक शब्द कधी बदलला नाही. सर निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर काहीतरी लिहून द्या, असं हेडबाईंनी मला सांगितलं. चांगलं तेवढं लिहून दिलं. उरलेलं इथं लिहिते आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर पाचवीच्या पोरांच्या रांगा लावायचे. एकेकाला पेटीजवळ बोलवायचं, एक पट्टी दाबायची आणि "सा म्हण" म्हणायचं. पोर 'सा' म्हणायचं. सर डोळे मिटून ऐकायचे आणि फूटपट्टीनं जागा दाखवायचे. पहिल्या रांगेत गाणारे. दुसरी रांग 'भर', म्हणजे आवाज काढायचा पण पहिल्या रांगेच्या खाली ठेवायचा. तिसरी रांग ओठांची. तिथल्यांनी सगळे शब्द पाठ करायचे, तोंड उघडायचं, मिटायचं, चेहरा हसरा ठेवायचा आणि गळ्यातून काही म्हणता काही बाहेर येऊ द्यायचं नाही. गाणं चालू असताना सर मागं येऊन प्रत्येकाच्या तोंडाशी कान न्यायचे. आवाज लागला की फूटपट्टी बोटांच्या पेरांवर बसायची.

एक मात्र सांगायला हवं. सर वशिला मानत नव्हते. संस्थेच्या एका संचालकांचा नातू ओठांत गेला तेव्हा आजोबा स्वतः शाळेत आले.

"सर, नातवाला जरा फुडं घ्या की. पावणंरावळं येत्यात बघाय."

"आवाज पुढं येत असता तर घेतलं असतं," सर म्हणाले. "नुसतं अंग पुढं घेऊन काय करू?"

नातू दहावीपर्यंत ओठांतच राहिला. पण ती रांग नीट बघितली तर तो तिथं एकटाच तसल्या घरातला होता. बाकीच्या आम्ही विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली. सर जात बघून रांगा लावत नव्हते, कानानं लावत होते. आमच्या गल्लीत बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. हात गुंतलेले, म्हणून तोंड चालू. तिथला आवाज उघडा असतो, छातीतून येतो, ओळीच्या शेवटाला खाली ओढत जातो. सरांच्या कानाला तो ओरडा वाटायचा. आणि आम्ही तर तोच आवाज घेऊन शाळेत आलेलो.

मी सहा वर्षं ओठांत होते. सातवीत एकदा प्रार्थनेच्या वेळी माझं भान सुटलं आणि आवाज निघून गेला. सरांनी पेटी थांबवली. सगळी शाळा पटांगणात उभी.

"कोण तंबाखू ओरडलं?"

पोरं किती हसली म्हणून सांगू! दहावीपर्यंत मला सगळे तंबाखू म्हणत. त्याच वर्षी गॅदरिंगला माझी आई आली होती, कामाचा अर्धा दिवस मोडून. मी मागच्या रांगेत हसऱ्या चेहऱ्यानं तोंड उघडत मिटत होते. घरी येऊन तिनं शेजारणीला सांगितलं, "माज्या पोरीचा आवाज मला लगीच वळकू आला. समद्यात वरचा तिचाच हुता." आई गेली तेव्हाही तिला ते खरंच वाटत होतं.

मी शाळेत नोकरीला लागले त्या दिवशी सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि भरल्या स्टाफरूममध्ये म्हणाले, "तंबाखू, तू मास्तरीण झालीस होय?" लोक हसले. मीही हसले, हसरा चेहरा ठेवायचं शिक्षण होतंच. नंतर ते मला बाई म्हणू लागले, पण पहिलं नाव ते विसरले नव्हते हे मला दिसायचं.

सर मूळचे बेळगावचे, शहापूरच्या विणकर घरातले. निपाणीत एका खोलीत एकटे राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. गळ्याला जपण्यात त्यांचा निम्मा जन्म गेला. दही नाही, लोणचं नाही, चहा बिनसाखरेचा, गालात कायम लवंग. बसमध्ये खिडकीची जागा धरायचे आणि बसल्या बसल्या काच ओढून घ्यायचे, मग मे महिना का असेना. वारा गळ्याला वाईट म्हणे. पेटीला त्यांनी घरच्याच साडीच्या काठाची खोळ शिवून घेतली होती, आणि तिला कुणी बोट लावलं तर ते रुमालानं पुसायचे. इतकं जपून ठेवलेला तो गळा शाळेत कुणी कधी ऐकला नव्हता. सर गायचे नाहीत. स्वर पेटीवर द्यायचे आणि मुलांकडून काढून घ्यायचे.

मल्लाप्पा शिपाई त्यांच्या बरोबरीचा. तो एकदा घंटेखाली बसून मला सांगत होता.

"तरणेपणी रेडिओच्या परीक्षेला गेलते सर. काचंच्या पल्याड परीक्षक बसल्याले. दोन वळी म्हनल्या न्हाईत तवर पल्याडच्यानं हात वर केला. बास म्हनला. त्या दिसापासनं बंद."

"तुला कुणी सांगितलं?"

"तेनीच. एकदा पडसं झालतं, तापात हुते. बरं झाल्यावर म्हनले, मल्लाप्पा, मी काय बोललो ते इसर."

मल्लाप्पा विसरला नाही आणि मीही विसरले नाही. दुसऱ्याची दुखरी जागा कळली की ती जपून ठेवायची, हे मी त्याच शाळेत शिकले.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती ते लपवत नव्हते. "गाण्याच्या माणसाला एक वन्समोअर मिळायला हवा," ते म्हणायचे. "शंभर नकोत. एक. खराखुरा." दर गॅदरिंगला समूहगीत संपलं की मुलं आत पळायची, टाळ्या व्हायच्या, आणि सर तसेच बसून राहायचे. बोटं पट्ट्यांवर ठेवलेली, मान जराशी प्रेक्षकांकडे वळलेली. लोक एव्हाना पुढच्या नाचाची वाट बघत शिट्ट्या मारत असायचे. मग मल्लाप्पा येऊन पेटी उचलायचा. तीस वर्षं मी आणि गावानं हे बघितलं, आणि खरं सांगायचं तर दरवेळी मला बरं वाटायचं.

सरांच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघांना प्रशिक्षणाला पाठवलं. लांबून आलेली एक तरुण बाई पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होती. मूल रिकामं येत नाही, घरचं गाणं घेऊन येतं. आधी ते ऐका. दुरुस्त करायची घाई करू नका. तिनं एक फॉर्म वाटला, तीन रकान्यांचा: गाणं, घरात कोण म्हणतं, केव्हा म्हणतं. मग म्हणाली, आधी तुम्ही स्वतःच्या घरातलं एकेक म्हणा. सरांची पाळी आली तेव्हा ते उठलेच नाहीत.

"आमच्या घरात माग होता. त्या खडखडाटात बायकोला हाक मारली तर ऐकू येत नाही. गाणं कुठलं?"

"मग मागाचा ठेका वाजवून दाखवा, सर."

आता ते तिचा पाणउतारा करणार असं मला वाटलं. पण त्यांनी बाकावर हात ठेवला. एका हाताची धाव, दुसऱ्या हाताचा ठोका, मध्येच धागा तुटल्यासारखी एक रिकामी जागा आणि परत धाव. मिनिटभर वाजवलं असेल. मी इतक्या वर्षांत त्यांना असं वाजवताना ऐकलं नव्हतं. मग त्यांनी हात उचलला, शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि खिडकीबाहेर बघत बसले. परतताना गाडीत म्हणाले, "हे हातातनं जावं म्हणून माझ्या गुरूंनी सात वर्षं मारलंय मला. आणि ही पोरगी म्हणते वाजवा."

शाळेत आल्यावर हेडबाईंनी फर्मान काढलं. गॅदरिंगला शिक्षण खात्याचे अधिकारी येणार, त्यांना 'घरचं गाणं' दाखवायचं. सरांनी त्या गाण्यांसाठी नवी वही केली. सानियानं आत्याकडचं हळदीचं गाणं आणलं. सर म्हणाले, नाकातनं म्हणू नकोस, आणि त्यातल्या सगळ्या मुरक्या काढून टाकल्या. कन्नड घरातल्या बसवराजनं आजोबांच्या ढोलाचं गाणं आणलं. त्याची सातांची चाल सरांनी आठात बसवली, का तर लोकांना टाळ्या वाजवता यायला हव्यात. बसवराज घरी जाऊन आजोबांना ते म्हणून दाखवायला लागला तर आजोबा उठून बाहेर गेले, असं त्यानंच मला सांगितलं. मी सरांना म्हटलं, अहो, ती बाई ऐका म्हणाली होती.

"घरच्यासारखंच म्हणायचं असेल तर ही पोरं घरीच बसू देत की. शाळेत कशाला आलीत?"

फॉर्मचा पहिला रकाना त्यांनी सुंदर अक्षरात भरला होता, स्वरलिपीसकट. दुसरा आणि तिसरा कोरा. ते कारकुनाचं काम, असं त्यांचं म्हणणं.

कस्तुरी तेव्हा सातवीत होती. ओठांतली. आमच्याच गल्लीतली, पार्वतीची मुलगी. हाडकुळी, डोळे मोठे, कायम पुढच्या रांगेकडे बघत असलेली. तिनं वर्गात म्हटलेलं गाणं मी भिंतीपलीकडे वह्या तपासत ऐकलं.

उठ रं संतू, ऊन आलं माथ्यावर
उठ रं संतू, चहा निवला चुलीवर
उठ रं संतू, सोबती गेलं साळंला
उठ रं संतू, किती निजशील उन्हाला

माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. पलीकडे सरांचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता इतका आनंदी.

"अरे वा! ही तर भूपाळी! पहाटे देवाला उठवतात, तशी ही आई पोराला उठवतेय. खेड्यातली भूपाळी! परत म्हण."

ती भूपाळी नव्हती. आमच्याकडे मयतावर बाया हेल काढून रडतात. मेलेल्याला नावानं हाक मारायची, उठ म्हणायचं, त्याचं काय काय करायचं राहिलं ते एकेक सांगायचं. त्याला चाल असते, ओळीला ओळ लागते, पण त्याला गाणं कुणी म्हणत नाही. संतू पार्वतीचा थोरला. सहा वर्षांचा असताना तीन दिवसांच्या तापानं गेला. सकाळी त्याला अंगणात पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं. कोल्हापूरहून मामा यायचा होता म्हणून थांबलेले, आणि ऊन सरकत सरकत त्याच्या तोंडावर आलं. पार्वती पदरानं सावली करत होती आणि हेल काढत होती. मी तिच्या शेजारी बसले होते. या चारही ओळी मी तिथं ऐकल्या. पुढं किती वर्षं ती विड्या वळताना तेच पुटपुटायची. कस्तुरी ते ऐकत मोठी झाली.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"कस्तुरी, हे गाणं कुणाचं?"

"आईचं, बाई. दादाचं."

"आईला विचारलंस, शाळेत म्हणू का म्हणून?"

तिनं मान हलवली. "न्हाय. आमच्यात दुसरं गानंच न्हाय, बाई." मग घाईघाईनं म्हणाली, "सरांनी मला फुडच्या रांगंत घेतलंय. तुमी सांगू नगासा. मागं घालतील परत."

मी सांगितलं नाही. पण तिच्यासाठी नाही सांगितलं असं म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. मला दिसत होतं पुढं काय होणार ते. मंडपात अधिकारी बसलेले, गाव बसलेलं, पार्वती बसलेली, आणि हे गाणं सुरू होणार. पार्वती उठून किंचाळणार. छाती बडवणार. सगळ्यांसमोर सरांची पेटी थांबणार आणि त्यांना कळणार, तीस वर्षं ज्या आवाजाला त्यांनी ओठांत उभं केलं त्या आवाजात काय असतं ते. मला ते बघायचं होतं. पार्वतीच्या पोराचं मरण मी माझ्या फूटपट्टीसारखं वापरायला निघाले होते आणि मला रात्री झोपही चांगली लागत होती.

सरांनी गाणं बसवलं. रेंगाळतंय म्हणून लय दुप्पट केली. ओळीच्या शेवटचं खाली ओढत जाणं कापून टाकलं. त्यावर नाट्यही आणलं: सातवीतला एक गुबगुबीत मुलगा चटईवर पांघरूण घेऊन पडलेला, भोवती वीस पोरं ताट-चमचे वाजवत नाचतायत, 'उठ रं' आलं की कुणी पाय ओढतंय, कुणी गुदगुल्या करतंय, आणि शेवटच्या ओळीला तो ताडकन उठून आळस देत सलाम ठोकतो. तालमीतच पोरं लोळून हसायची. मधोमध कस्तुरी, माइकसमोर. पुढच्या रांगेत तो आवाज फक्त तिच्याकडे होता.

एका तालमीला मल्लाप्पा कपाटातून दोन चादरी घेऊन आला. सर माझ्याकडे वळले. "बाई, रंगीत बरी दिसेल का पांढरी?"

"पांढरी," मी म्हटलं. "लांबून दिसते."

गॅदरिंग दुपारी होतं. बोर्डावर सगळ्यांचे फॉर्म लावले होते. अधिकारी येणार म्हणून सरांनी आदल्या दिवशी कोरे रकाने स्वतःच भरून काढले होते. कस्तुरीच्या फॉर्मवर लिहिलं होतं: कोण म्हणतं, आई. केव्हा म्हणतं, पहाटे. अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि मान डोलवली.

पार्वती ठेवणीतली साडी नेसून आली होती. बोटं तंबाखूनं पिवळी, ती तिनं पदरात घेतलेली. गल्लीतल्या बायका तिच्या आजूबाजूला. पडदा उघडला. चटईवर पांढऱ्या चादरीखाली पोरगं पडलेलं होतं.

कस्तुरीनं पहिली ओळ उचलली. खणखणीत. मंडप हसायला लागला, कारण पोरांनी लगेच पाय ओढला. फक्त आमच्या गल्लीच्या दोन रांगा हसत नव्हत्या. तिथं एकेक बाई मान वळवून पार्वतीकडे बघत होती. मीही तिच्याकडेच बघत होते, स्टेजकडे नाही. ती दगडासारखी बसली होती. चहा निवला, सोबती गेले, ताट वाजतंय, चमचे वाजतायत, लोक टाळ्यांचा ठेका धरतायत. शेवटची ओळ आली आणि चादर उडवून पोरगं उभं राहिलं. केस विस्कटलेले. सलाम. मंडपात नुसता हशा.

मुलं आत पळाली. सरांची बोटं पट्ट्यांवर तशीच, मान प्रेक्षकांकडे वळलेली. आणि पार्वती उठली. झालं, मी मनात म्हटलं. ती रांगेतून वाट काढत स्टेजपाशी गेली, कठड्याला हात लावला आणि वर सरांकडे बघत म्हणाली,

"सर, परत एकदा करा की. त्ये शेवटाला पोरगं उठतंय न्हवं, तेवढं परत दावा."

अधिकारी मोठ्यानं हसले. "वन्समोअर आला, सर!"

सरांचं तोंड मी तेव्हा बघितलं. ते उठले, पार्वतीला दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला आणि खाली बसून भाता ओढला. पोरं धावत परत आली. गुबगुबीत मुलगा पुन्हा आडवा झाला, कुणीतरी त्याच्या तोंडावरून चादर ओढली. सरांनी सबंध गाणं पुन्हा घेतलं, पहिल्यापेक्षाही जलद. पार्वती कठड्याला धरून उभीच होती. शेवटच्या ओळीला तिचा हात आपोआप पुढं झाला. पोरगं उठलं. तिनं हात मागं घेतला आणि पदर तोंडात धरला.

ती किंचाळली नाही. चहाला थांबली नाही. फाटकाशी मी मुद्दाम गेले, कशासाठी ते मला आता सांगता येत नाही. ती माझ्यापुढं थांबली.

"बाई, तुमी हुतासा की तवा. माज्या शेजारीच बसलावता."

मी मानेनं हो म्हटलं.

"तुमी वळखलं असशीला मग." तिच्या आवाजात राग नव्हता. "कस्तुरीला कायबी बोलू नगासा. लई दिसांनी फुडं उभी ऱ्हायली ती."

पुढच्या वर्षी कस्तुरी शाळेत गायली नाही. नव्या गायनबाई रांगा लावत नाहीत, सगळ्यांना म्हणू देतात. कस्तुरी मागं जाऊन उभी राहते आणि तोंड उघडते, मिटते.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मल्लाप्पा आजारी होता, म्हणून स्टँडवर पोचवायला मी एकटीच गेले. बेळगावची गाडी लागलेली होती. सर खिडकीशी बसले, पेटी मांडीवर, साडीच्या काठाची खोळ नीट केलेली. मी खाली उभी. त्यांनी मोबाईल काढला आणि खिडकीतून माझ्यापुढं धरला. गॅदरिंगचा व्हिडिओ. त्यांनी तो किती वेळा बघितला असेल देव जाणे, नेमक्या जागेवर त्यांचं बोट गेलं.

"ही बाई बघ, तंबाखू," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते नाव त्यांच्या तोंडून प्रेमानं आलं होतं. "विड्या वळणारी. सुराचं काही कळत नसेल तिला. पण उठून आली! तीस वर्षांत एक माणूस उठून आला माझ्या पेटीपर्यंत. मला आता काही नको."

इथं गप्प बसता आलं असतं. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेल्यावर शहापूरला ते भावांच्या मागाच्या खडखडाटात बसले असते आणि उरलेलं आयुष्य तो व्हिडिओ बघत काढलं असतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"सर, ती भूपाळी नव्हती," मी म्हटलं. "तो हेल होता. मयताचा. संतू हिचा मुलगा, सहा वर्षांचा गेला. अंगणात ठेवला होता तेव्हा ती रडत होती, ते तुम्ही बसवलंत. तिला वन्समोअर नको होता. पोरगं उठताना परत बघायचं होतं."

कंडक्टरनं बेल मारली. व्हिडिओ चालूच होता, त्यातली माणसं टाळ्या वाजवत होती. सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"चादर," ते म्हणाले. "तू पांढरी म्हणालीस."

"हो."

गाडी हलली. सवयीनं त्यांनी काच ओढून घेतली, आणि काच लागल्यावर ते बोलायला लागले. माझ्याकडे बघत, भराभर. शिव्या होत्या, का विचारत होते काही, का त्या चार ओळी म्हणत होते, मला कळलं नाही. मी सहा वर्षं ओठ नुसते हलवले, वाचायला कधी शिकले नाही. स्टँडच्या तोंडाशी ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. सरांचं बोट वर झालं नाही.